रानात, वस्तीबाहेर सोडून दिलेली मांजरं : शोधायची कशी, पकडायची कशी, पुढे काय?

रानवाट

वस्तीपासून लांब, बांधावर किंवा रस्त्याकडेला सोडून दिलेल्या मांजरांबद्दलची माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा काढतेय. कृपया आकडे, वेळा, मापं असं नेमकं लिहा.

सुरुवात शोधण्यापासून करते. घरात वाढलेलं मांजर अनोळखी रानात सोडलं की ते आधी लपतं. रस्त्याखालची मोरी, गवताची गंजी, लाकडांची रास, पडून असलेलं यंत्र, गोठ्याचा माळा, जिथे अंग मावेल तिथे शिरतं. ते बहुधा सोडलेल्या जागेच्या आसपासच असतं, पण घाबरलेलं असल्यामुळे ओळखीच्या माणसाने हाक मारली तरी ओ देत नाही. दोन दिवस दिसलं नाही म्हणून ते गेलं असं धरू नका.

दिवसा हाका मारत फिरण्यापेक्षा अंधार पडल्यावर तासाभराने आणि पहाटे जा. बॅटरी कमरेशी न धरता गालाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर धरा. मांजराच्या डोळ्यांतून प्रकाश जिथून आला तिथेच परततो, त्यामुळे बॅटरी खाली असेल तर ती चमक तुमच्या नजरेला येतच नाही. झुडपांच्या बुंध्याशी आणि राशींच्या फटींत प्रकाश सावकाश फिरवा.

मग रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणं ठेवा. भोवती बारीक माती चाळून पसरा म्हणजे कोण येऊन गेलं ते कळेल. मांजराचा ठसा गोल, साधारण ३ ते ४ सेंमीचा, चार बोटांचा असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत. कुत्र्या-कोल्ह्यांचा ठसा लांबट असतो, पुढे नखांची टोकं दिसतात. अर्ध्या तासाने उरलेलं खाणं उचलून आणा. रात्रभर राहिलेल्या खाण्यावर बाकीचं रान गोळा होतं आणि मांजर त्या जागेला बिचकू लागतं.

कडीकोयंडा

पकडण्याबद्दल लिहितो. मोठ्या मांजराला हाताने पकडायचा प्रयत्न करू नका. निसटलं तर त्या जागेकडे कित्येक दिवस फिरकत नाही, आणि चावलं तर तो प्रश्न वेगळाच.

खटक्याचा पिंजरा लांबीला ७५ ते ९० सेंमी हवा, रुंदी-उंचीला २५ ते ३५ सेंमी. आखूड पिंजऱ्यात मांजर पाटीवर (पाय पडताच दार पाडणारी आतली फळी) पोचतं तेव्हा त्याचं मागचं अंग बाहेर असतं आणि दार पाठीवर किंवा शेपटीवर पडतं. मागच्या बाजूला वर सरकणारं दुसरं दार असेल तर पुढची सगळी कामं सोपी होतात.

मांडण्याची पद्धत अशी. जमीन सपाट करून पिंजरा हलवून बघा. पाय टाकल्यावर तो जरा जरी डुगडुगला तरी मांजर मागे फिरतं. तळाशी जाड कागद किंवा गोणपाट घाला, म्हणजे पंजांना जाळी टोचत नाही. हे अंथरूण पाटीच्या खाली सरकलं तर पाटी दबत नाही आणि मांजर खाऊन निघून जातं. पिंजरे 'चालत नाहीत' त्याचं हे फार मोठं कारण आहे, म्हणून अंथरूण पाटीच्या अलीकडेच संपवा. खाणं पाटीच्या पलीकडे, अगदी मागच्या जाळीला टेकून ठेवा. उग्र वासाचा मासा चांगला. दारापासून आतपर्यंत तेलाचे चार-पाच थेंब टाका, पण खाण्याचे तुकडे पेरू नका, नाहीतर ते दारातच पोट भरतं. खाणं पातळ ताटलीत द्या, पत्र्याच्या डब्यात नको. अडकल्यावर धडपडताना डब्याच्या धारेने तोंड कापतं.

आधी ४ ते ७ दिवस दार तारेने उघडं बांधून मांजराला आतच जेवू द्या. ताटली रोज वीतभर मागे सरकवा. सलग दोन दिवस ते शेवटपर्यंत गेलं की तार सोडा. त्याआधी २४ तास खाणं बंद, पाणी मात्र चालू. दूध पाजणाऱ्या भाटीला आणि लहान पिल्लांना असं उपाशी ठेवू नका.

पिंजरा मांडून घरी जाऊ नका. दार दिसेल इतक्या अंतरावर थांबा. रानात अडकलेलं मांजर म्हणजे कुत्र्यांना आयतं सापडलेलं भक्ष्य, आणि उन्हात तर अर्धा तासही जिवावर बेततो. दार पडताच मोठं जाड कापड चारी बाजूंनी टाका. अंधार झाला की धडपड बऱ्याचदा मिनिटभरात थांबते. मग दाराला तार किंवा कडी अडकवा, कारण उचलताना पिंजरा तिरका झाला की काही पिंजऱ्यांचं दार आपोआप उघडतं. गाडीत कोणत्याही कारणाने दार उघडायचं नाही.

गोकर्ण

पिल्लं पाटीवरून चालत जातात, खातात आणि परत येतात. त्यांच्या वजनाने खटका पडतच नाही. यावर काय करायचं?

कडीकोयंडा

किलोभराच्या आतल्या पिल्लांसाठी खटक्यावर भरवसा ठेवू नका. पाण्याने भरलेली बाटली दाराखाली उभी करून दार तिच्यावर तोलून ठेवा, बाटलीच्या मानेला दोरी बांधा आणि दोरी जमिनीलगत सरळ तुमच्यापर्यंत आणा. पिल्लू शेपटीसकट आत जाऊन खायला लागलं की एका झटक्यात ओढायचं. दोरीत ढिल राहिली तर बाटली आधी कलते, दार हळू येतं आणि पिल्लू निसटतं, म्हणून आधी दोन-तीनदा रिकामं ओढून बघा.

आई पिंजऱ्याला दाद देत नसेल आणि पिल्लं हाती आली असतील, तर ती बंद खोक्यात घालून पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला टेकवून ठेवा, वरून कापड टाका. आईला आवाजापर्यंत पोचायचा एकच रस्ता दिसला पाहिजे, तो म्हणजे पिंजऱ्यातून.

पाणकणीस

पिल्लं दिसली की लगेच उचलायची घाई होते. ती टाळा. पुष्कळ वेळा ती सोडून दिलेली नसतात, आई शिकारीला गेलेली असते.

ओळखायचं असं : पिल्लं स्वच्छ आहेत, पोट गोल आहे, एकमेकांना बिलगून शांत झोपली आहेत, तर आई येऊन-जाऊन आहे. सतत ओरडणारी, अंग गार पडलेली, मळलेली, डोळे चिकटलेली किंवा मुंग्या लागलेली असतील तर ताबडतोब उचला. मधली अवस्था असेल तर लांब जाऊन काही तास बघा. माणूस जवळ उभा असेल तोवर आई येणार नाही. थांबणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती पिठाचं पातळ कडं घाला आणि नंतर येऊन बघा. कडं पावलांनी मोडलेलं असेल आणि पिल्लांची पोटं भरलेली असतील तर ती येऊन गेली.

अपवाद यंत्राचा. गवत कापणी किंवा मळणी त्या दिवशी व्हायची असेल तर वाट बघत बसू नका. पिल्लं उघड्या खोक्यात घालून शक्य तितक्या जवळ, सावलीत, कापणीच्या बाहेर ठेवा. आई आवाजावरून शोधते आणि एकेक करून उचलून नेते.

वय ओळखता आलं पाहिजे. नाळ साधारण ५ दिवसांत गळते. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. पुढचे बारके दात तिसऱ्या आठवड्यात, सुळे चौथ्यात दिसू लागतात. जन्माचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास, ४ आठवड्यांचं पिल्लू ४०० ते ४५० ग्रॅम, ८ आठवड्यांचं ८०० ते ९०० ग्रॅम. खंगलेल्या पिल्लाचं वजन फसवतं, म्हणून आधी दात बघा.

गोकर्ण

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. कुत्री फिरत असलेल्या उघड्या माळावर काही तास थांबणं म्हणजे पिल्लं गमावणं आहे.

पाणकणीस

उघड्यावर असतील तर तुमचं बरोबर आहे, तिथे थांबू नये. मी म्हणते ते आडोशाला, गंजीत किंवा माळ्यावर असलेल्या पिल्लांबद्दल. पण उचलण्याआधी पहिल्या ३ आठवड्यांतली पिल्लं रात्रंदिवस सांभाळायला माणूस आहे का हे बघा. आई जिवंत असेल तर तिच्यासकट आणणं केव्हाही चांगलं. तिची नसबंदी करून पुढची वीणही त्यातच थांबवता येते, कारण अंगावर पाजत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भकाळ जेमतेम ९ आठवड्यांचा असतो.

औषधपेटी

बिनआईच्या पिल्लांचं लिहिते. एकच गोष्ट लक्षात राहिली तर ही राहू द्या : आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. त्याला दूध पाजलं तर ते पोटात साचून कुजतं किंवा फुप्फुसात जातं. बरीच पिल्लं भुकेने न जाता अशी घाईने पाजल्यामुळे जातात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं. ३५ च्या खाली असेल तर दूध नाही. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका अर्ध्यातच ठेवा. फार ऊब वाटली तर पिल्लाला सरकायला दुसरा अर्धा मोकळा हवा. तास-दोन तास घेऊन सावकाश गरम करा. फार गळून गेलं असेल तर साखरेच्या पाण्याचा एखादा थेंब हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका. तोंडात बोट घातल्यावर ते उबदार लागलं आणि पिल्लू चोखायला लागलं की मग दूध.

दूध मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या भुकटीचंच. गाई-म्हशीच्या दुधातली साखर त्यांना पचत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा जिवातलं पाणी एका दिवसात आटतं. प्रमाण दर १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिली, म्हणजे १५० ग्रॅमच्या पिल्लाला ६ मिली. जठर तेवढंच असतं. पहिल्या आठवड्यात दर २ ते ३ तासांनी, दुसऱ्यात ३ ते ४, तिसऱ्यात ४ ते ६ तासांनी, रात्रीसुद्धा. चौथ्या आठवड्यात ताटलीतलं पातळ खाणं सुरू करता येतं.

पाजताना पिल्लू पोटावरच, आईला पितं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. बाटली उलटी धरल्यावर थेंब-थेंब गळावा, धार लागली तर बोंडलं बदला. बाटली दाबायची नाही, पिल्लाला ओढू द्यायचं. त्याचे कान चोखण्याच्या लयीत हलताना दिसतात. ते थांबले की तुम्हीही थांबा. नाकातून दूध आलं तर लगेच बंद करा, डोकं खाली करून पुसा. नंतर श्वासाचा खरखर आवाज आला तर त्याच दिवशी पशुवैद्य. कापसाच्या बोळ्याने पाजू नका. किती गेलं ते कळत नाही, वर कापसाचे धागे पोटात जातात.

साधारण तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लं आपली आपण शी-शू करत नाहीत. प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट ओल्या कापडाने शेपटीखाली हलकेच चोळा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन घ्या. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे. दिवसभरात काहीच वाढ नसेल तर काहीतरी बिनसलंय, आणि घटलं तर वाट बघू नका.

तांबूस

मोठ्या, उपासमार झालेल्या मांजरांसाठी. हाडं दिसणारं मांजर बघून माणूस वाटीभर खाणं पुढे ठेवतो. ते जीव घेऊ शकतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं, स्नायू आणि हृदय ढेपाळतं, तांबड्या पेशी फुटतात. 'खायला लागलं होतं, मग अचानक गेलं' त्यामागे बऱ्याचदा हे असतं. पडून राहणं, मान न सावरणं, लघवी गडद तांबूस होणं ही धोक्याची खूण.

३ किलोच्या मांजराची विश्रांतीतली गरज दिवसाला साधारण १६० कॅलरी. पहिल्या दिवशी तिच्या पाव हिश्शाने, म्हणजे ४० ने सुरू करा, तेही सहा वेळा विभागून. पूर्ण गरजेपर्यंत जायला चार-पाच दिवस घ्या. शक्य असेल तर रक्ततपासणी करून पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

याच्या उलट धोका गुबगुबीत घरच्या मांजराचा. असं मांजर तीन-चार दिवस काहीच खात नसेल तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी व्हायला लागतं. कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या दिसल्या तर उशीर होतोय. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही म्हणून खात नाही. नाक पुसा, खाणं कोमट करून द्या.

आणलेलं प्रत्येक मांजर १४ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळी वाळू. खोलीत शिरताना वेगळा सदरा आणि चपला. याचं मुख्य कारण पॅनल्यूकोपेनिया, हा मांजरांचा झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य आजार. ओकारी, हगवण, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं अशी लक्षणं दिसतात आणि लस न झालेली पिल्लं एक-दोन दिवसांत दगावतात. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. साबणाने किंवा हाताच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३२ भाग असं ताजं मिश्रण १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर धुऊन वाळवा.

फिनाइल मांजराच्या खोलीत अजिबात नको. ते पंजांना लागतं, चाटण्यातून पोटात जातं. तसंच पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी आहे, आणि कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषधही. अगदी लहान पिल्लांच्या पिसवा सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन बारीक फणीने काढा. मानेभोवती साबणाचं कडं आधी करा, म्हणजे पिसवा चेहऱ्याकडे पळत नाहीत. धुतल्यावर लगेच वाळवून ऊब द्या. हिरड्या पांढुरक्या असतील तर पिसवांनीच बरंच रक्त प्यायलंय असं समजा.

गोकर्ण

पिंजऱ्यात अंगावर येणारं मांजर रानटीच समजायचं का? आणि ते शेतावर सोडलं तर चालतं ना?

रानवाट

पिंजऱ्यात सगळीच मांजरं रानटी वाटतात. दोन-तीन दिवस शांत जागी, लपायला खोकं देऊन ठेवा आणि मग ठरवा. शेपूट उभी करून जाळीशी येणं, माणसाकडे बघून आवाज काढणं, अंग घासणं ही घरच्या मांजराची लक्षणं. खरं रानटी मांजर मागच्या कोपऱ्याला चिकटून गप्प असतं आणि माणूस नसतानाच खातं. पिल्लं माणसाला स्वीकारायला शिकतात ती मुख्यतः २ ते ७ आठवड्यांच्या वयात. ८ आठवड्यांची पिल्लंही दोन-तीन आठवड्यांच्या मेहनतीने माणसाळतात, ४ महिन्यांच्या पुढे ते फार अवघड होतं.

मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली मालकाच्या ओळखीची चिप) आधी तपासून घ्या. फक्त खांद्यांच्या मध्ये बघून थांबू नका, चिप सरकते. खांदे, दोन्ही बाजू आणि पुढचे पाय कोपरापर्यंत, चिप वाचायचं यंत्र सावकाश फिरवत बघा. हरवलेलं मांजर आणि सोडलेलं मांजर बाहेरून सारखंच दिसतं.

माणसाळलेलं असेल तर त्याला घर शोधा. रानटी असेल तर नसबंदी, रेबीजची लस, नसबंदी झाल्याची खूण म्हणून भुलीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घेणं आणि पकडलं त्याच जागी परत सोडणं. शस्त्रक्रियेनंतर बोका एक रात्र, भाटी दोन-तीन दिवस ठेवा. शस्त्रक्रियेला नेण्याआधी भाटीचे सड बघा. ते गुलाबी, मोठे, भोवतालचे केस गेलेले असतील तर कुठेतरी पिल्लं वाट बघतायत. तिची शस्त्रक्रिया सकाळी सगळ्यांत आधी करून, पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याच दिवशी परत न्या. नसबंदीनंतरही ती पाजू शकते.

नव्या शेतावर नुसतं 'सोडायचं' म्हणाल तर माझा ठाम विरोध आहे. आधीच्या माणसाने केलं तेच आपण पुन्हा केल्यासारखं होईल. जुनी जागा खरोखरच राहण्यासारखी नसेल तरच हा मार्ग घ्या. गोठ्यात किंवा कोठारात मोठा पिंजरा लावून तीन ते चार आठवडे आत ठेवा, शक्यतो दोन ओळखीची मांजरं एकत्र. लपायचं खोकं, वाळू, पाणी आणि ठरलेल्या वेळी एकाच प्रकारच्या हाकेने खाणं. सोडायच्या दिवशी जेवणाची वेळ झाल्यावर दार उघडा, आणि पुढचे आठ-दहा दिवस पिंजरा तिथेच उघडा राहू द्या. मुदतीआधी सोडलेलं मांजर जुन्या जागेच्या दिशेने निघतं आणि वाटेत संपतं. त्या शेतावर उंदरांचं विष वापरतात का तेही विचारा. रक्त न गोठू देणारं विष असेल तर मेलेला उंदीर खाऊनही मांजराला बाधा होते आणि रक्तस्राव काही दिवसांनी दिसतो. तोवर कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

औषधपेटी

चावण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मांजराचा सुळा बारीक आणि खोल जातो, वरची जखम टिकलीएवढी दिसते आणि जंतू आत अडकतात. सूज आणि ठणका बऱ्याचदा १२ ते २४ तासांत सुरू होतो, बोटाच्या सांध्यावर चावलं असेल तर जास्तच गंभीर. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना असलं काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस आणि धनुर्वाताचं विचारा. मांजर १० दिवस नजरेखाली ठेवा, पण लस सुरू करायला ते १० दिवस संपायची वाट बघू नका. जे नियमित हे काम करतात त्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी.

पाणकणीस

विहिरीत पडलेल्या मांजराचं कुणी सांगू शकेल का? कठडा नसलेल्या विहिरी रानात बऱ्याच असतात.

कडीकोयंडा

पहिली गोष्ट, माणसाने आत उतरायचं नाही. खोल, वापरात नसलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. उतरावंच लागणार असेल तर ते काम अग्निशमन दलाचं.

मांजर पोहत असेल तर आधी त्याला टेकायला काहीतरी द्या. दोरीला बांधलेली फळी किंवा गोणपाट गुंडाळलेलं लाकूड त्याच्या अंगावर न टाकता शेजारी अलगद सोडा. ते कपारीत बसलं असेल तर घाई नाही. रुंद तोंडाची टोपली घ्या, कडांना तीन-चार ठिकाणी दोऱ्या बांधून वर एका गाठीत आणा म्हणजे ती कलणार नाही. तळाला जड दगड, त्यावर गोणपाट आणि मासा. टोपली कपारीच्या पातळीला भिंतीला टेकवून दोरी वर घट्ट बांधा आणि सगळी माणसं मागे घ्या. वरून डोकावणारी तोंडं असतील तोवर मांजर हलत नाही. अंधार पडल्यावर बऱ्याचदा ते आपण होऊन टोपलीत येतं. एकाने लांबून बघत राहावं, आणि ते आत बसलं की झटका न देता, न थांबता एका लयीत वर ओढावं. टोपली काठाशी येते त्या क्षणी ते उडी मारायला बघतं आणि तिथूनच पुन्हा आत पडतं. म्हणून दुसऱ्या माणसाने मोठं कापड दोन्ही हातांत पसरून आधीच तयार राहायचं, कड वर दिसली की टोपलीवर कापड टाकायचं, आणि काठापासून चांगलं लांब नेऊन मगच मांजर पिंजऱ्यात घ्यायचं.